वर्षभराच्या वाचनाचा आढावा आणि पुढील वर्षाची पुस्तके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी अधिवेशनाची वर्दळ सिव्हिल लाइन्समधून ओसरू लागली, की नागपुरातील आमच्या छोट्या वाचनमंडळात वर्षभराच्या वाचनाची चर्चा सुरू होते आणि दरवर्षी तेच काही प्रश्न नव्या सभासदांकडून, तर कधी जुन्या सभासदांकडूनही, विचारले जातात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, अशी सूचना ज्येष्ठ सभासदांनी केली आणि त्यानुसार हे टिपण तयार केले आहे. आमचे सभासद निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी असे सर्व प्रकारचे असल्यामुळे उत्तरे कोणा एका प्रकारच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेली नाहीत. मात्र ती नागपूर-विदर्भातील वाचकांसाठी आहेत, हे जागोजागी जाणवेल.

वाचले, आनंद मिळाला, एवढे पुरेसे नाही का? आढावा कशासाठी घ्यायचा?

पुरेसे आहे. ज्यांना तेवढ्यावर समाधान आहे, त्यांच्यावर आढाव्याची सक्ती करण्याचे काहीच कारण नाही. पण वर्ष सरताना अनेकांना असे वाटते, की वाचन तर पुष्कळ झाले, मात्र त्यातून हाती काय लागले ते सांगता येत नाही, आणि पुढे काय वाचावे तेही सुचत नाही. आढावा अशा वाचकांच्या उपयोगाचा आहे. वर्षभरातील पुस्तके एका कागदावर शेजारी-शेजारी मांडली, की स्वतंत्रपणे वाचताना न दिसलेली एक गोष्ट बहुतेक वेळा दिसू लागते: आपण नकळत एखाद्या प्रश्नाच्या मागे होतो. आमच्या एका सभासद ताईंच्या यादीत एका शेतकऱ्याचे आत्मकथन, कापसाच्या व्यापारावरचे एक पुस्तक, स्थलांतरावरची कादंबरी आणि सिंचनावरची एक पुस्तिका होती. आपले वाचन फार विस्कळीत आहे, अशी त्यांची तक्रार होती. ती चारही पुस्तके गाव सोडून शहरात आलेल्या माणसांविषयी आहेत आणि त्यांचे स्वतःचे माहेरही वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात आहे, हे बैठकीत बोलता-बोलता त्यांच्याच लक्षात आले. असा प्रश्न एकदा सापडला, की पुढील वर्षाची यादी करणे सोपे जाते. आढावा घ्यायचा तो या प्रश्नाच्या शोधासाठी, असे आमचे मत आहे आणि पुढील बहुतेक उत्तरे याच मतावर उभी आहेत.

वर्ष कोणते धरावे? जानेवारी ते डिसेंबर, की पाडवा ते पाडवा?

कोणतेही चालेल, पण नागपूरकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथील पुस्तकखरेदीचा मोठा भाग दसरा आणि दिवाळीच्या आसपास होतो. दीक्षाभूमीवरील पुस्तकांचे स्टॉल आणि त्यामागोमाग येणारे दिवाळी अंक यांमुळे डिसेंबरमध्ये घरात न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग असतो आणि त्याकडे पाहून उगाच अपराधी वाटते. म्हणून नोंदी इंग्रजी महिन्यांप्रमाणे ठेवाव्यात, आढावा डिसेंबरअखेर घ्यावा आणि पुढील यादी मात्र जानेवारीत, तो ढीग थोडा चाळून झाल्यावर करावी. काही सभासद २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, यादी पक्की करतात. तेही चांगले आहे.

वर्षभर एकही नोंद ठेवली नाही. आता आढावा कसा घेणार?

स्मरणावर विसंबू नये, कारण स्मरणात अलीकडची आणि आवडलेली पुस्तकेच राहतात. जी अर्धवट सुटली ती अगोदर पुसली जातात. त्याऐवजी मागे राहिलेल्या खुणा गोळा कराव्यात. ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंद सर्वांत विश्वासार्ह असते. ग्रंथपालांना विनंती केली तर आपल्या सभासद क्रमांकावर वर्षभरात गेलेल्या पुस्तकांची नावे बहुधा मिळतात. ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकांच्या पावत्या ईमेलमध्ये असतात. मोबाइलमधील छायाचित्रे चाळावीत, कारण हल्ली आवडलेल्या पानाचा फोटो काढण्याची सवय बहुतेकांना असते. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला कोणते पुस्तक सुचवले किंवा कोणाकडून मागून आणले, त्याचेही संदेश सापडतात. शेवटी घरातील कपाटापुढे उभे राहावे आणि ज्या पुस्तकांत बसचे तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा किंवा औषधाच्या दुकानाची पावती खूण म्हणून अडकलेली आहे, ती बाहेर काढावीत. पावतीवर तारीख असते, त्यामुळे ते पान कोणत्या महिन्यात वाचले तेही कळते. ही यादी पूर्ण होणार नाही, परंतु आढाव्यासाठी पुरेशी होते.

नोंद ठेवायची असेल, तर तीत नेमके काय लिहावे?

पुस्तकाचे व लेखकाचे नाव, पुस्तक कोठून आले, कधी वाचले, ते त्याच वेळी का घेतले, मनात राहिलेली एक गोष्ट आणि वाचून संपल्यावर उरलेला एक प्रश्न. याहून अधिक लिहायला गेल्यास मार्चपर्यंत वही बंद पडते, असा अनेकांचा अनुभव आहे. गुण किंवा तारे देण्याची पद्धत आम्ही सुचवत नाही, कारण तीन तारे दिले ते कशासाठी, हे वर्षाअखेरीस कोणालाच आठवत नाही. "का घेतले" आणि "कोणता प्रश्न उरला" हे दोन रकाने मात्र वर्षानंतरही बोलतात.

उदाहरण म्हणून एका सभासदाच्या वहीतील नोंद त्यांच्या संमतीने देत आहोत. "वाडा चिरेबंदी, महेश एलकुंचवार. ग्रंथालयाची प्रत. मार्च, दोन बैठकांत. का घेतले: आजोळचा वाडा विकण्याची बोलणी घरात सुरू होती. मनात राहिले: वाड्यात नुसता पडून असलेला ट्रॅक्टर, कोणी तो हलवतही नाही आणि विकतही नाही. उरलेला प्रश्न: अशी घरे एकाच काळात का खचली? केवळ भावांच्या भांडणामुळे नक्कीच नाही." एवढीच नोंद आहे. मात्र तिच्यातील शेवटच्या ओळीने त्या सभासदांचे पुढील संपूर्ण वर्ष ठरवले. ते कसे, हे यादीविषयीच्या उत्तरात सांगितले आहे.

वही बरी की मोबाइलमधील अ‍ॅप?

जे हाताशी असेल ते. वही आपल्याला आवडते, पण अ‍ॅपमध्ये शोधता येते, हा फायदा मोठा आहे. अ‍ॅप वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा आपली नोंद उतरवून घेऊन स्वतःजवळ ठेवावी.

किती पुस्तके वाचली, ही संख्या मोजावी का?

मोजायला हरकत नाही, परंतु तिला उद्दिष्ट करू नये. वर्षाला अमुक इतकी पुस्तके असा पण केला, की वाचक नकळत पातळ पुस्तके निवडू लागतो. जाडजूड चरित्र मागे पडते, कवितासंग्रह एका बैठकीत संपवला जातो आणि शब्दकोश, गॅझेटिअर किंवा विश्वकोशातील नोंदी यांचे वाचन तर मोजणीतच येत नाही. याचे उत्तम उदाहरण 'लीळाचरित्र' आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून केलेला हा ग्रंथ आज अमरावती जिल्ह्यात असलेल्या त्याच गावाशी जोडलेला आहे. त्यातील एकेक लीळा काही ओळींचीच असते आणि रोज एक-दोन लीळाच नीट वाचता येतात, कारण प्रत्येक जुन्या शब्दापाशी थांबावे लागते. एका वाचकाने संपूर्ण पावसाळा त्यातील 'एकांक' या पहिल्या भागावर घालवला, तर संख्येच्या हिशेबात त्याचे वाचन जवळजवळ शून्य दिसेल. प्रत्यक्षात मराठी गद्याच्या उगमाशी त्याने काही महिने काढलेले असतात.

अर्धवट सोडलेली पुस्तके आढाव्यात धरावीत का?

अवश्य धरावीत, किंबहुना त्यांच्यापासूनच सुरुवात करावी, असा आमचा आग्रह आहे. पूर्ण वाचलेले पुस्तक आपल्या आवडीविषयी सांगते, आणि आवड आपल्याला बहुधा अगोदरच माहीत असते. सोडलेले पुस्तक मात्र आपली वाचनाची परिस्थिती, तयारी आणि सवय यांविषयी सांगते. म्हणून "कंटाळवाणे होते" एवढ्यावर न थांबता, नेमके कोणत्या पानावर आणि कोणत्या कारणाने थांबलो, ते आठवून पाहावे.

कारणे बरीच वेगवेगळी निघतात आणि प्रत्येकावर उपायही वेगळा असतो. पन्नाशीनंतरच्या कित्येक सभासदांनी जुन्या आवृत्त्या केवळ अक्षरे बारीक आणि कागद पिवळा पडल्यामुळे सोडल्या होत्या. त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घेणे, नवी आवृत्ती शोधणे किंवा स्क्रीनवर अक्षर मोठे करून वाचणे एवढेच हवे होते, आणि आपला वाचनातील रस आटला, हा त्यांचा समज खोटा ठरला. काही पुस्तके ग्रंथालयाची मुदत संपल्यामुळे परत गेली आणि पुन्हा आणली गेली नाहीत. काही अनुवाद वाक्यावाक्याला अडखळायला लावणारे होते. अशा वेळी त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद किंवा मूळ भाषा पाहावी, लेखकाला दोष देऊ नये. काही पुस्तके अगोदर दुसरे काही वाचलेले आहे असे गृहीत धरतात. साधे उदाहरण द्यायचे तर मध्यप्रांत आणि वऱ्हाड म्हणजे काय, नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते, ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर विदर्भाच्या राजकारणावरचे एखादे आत्मचरित्र दुसऱ्या प्रकरणातच हातातून सुटते. तेथे उपाय असा, की ते पुस्तक पुढील वर्षाच्या यादीत राहू द्यावे, पण त्याच्या आधी पार्श्वभूमी देणारे एक छोटे पुस्तक घालावे.

याशिवाय अशीही पुस्तके असतात, जी घरात आजारपण किंवा दुःख असताना हाती आली आणि सहन झाली नाहीत. त्यांना "सोडलेले" म्हणू नये. "नंतर" असे लिहून ठेवावे. आणि जे पुस्तक खरोखरच आवडले नाही, ते कोणताही संकोच न बाळगता कायमचे बंद करावे, मग त्याला कितीही मोठा पुरस्कार मिळालेला असो.

दिवाळी अंक, ऐकलेली पुस्तके आणि मोबाइलवर वाचलेले साहित्य मोजावे का?

होय. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतील कितीतरी चांगले लेखन प्रथम दिवाळी अंकांतच आले आहे, तेव्हा त्यांना वाचनात न धरणे अन्यायाचे होईल. मात्र संपूर्ण अंकाची नोंद करण्याऐवजी त्यातील लक्षात राहिलेल्या एक-दोन लेखांची किंवा कथेची करावी. ऐकलेल्या पुस्तकापुढे "ऐकले" असे लिहावे, एवढेच. स्वयंपाक करताना किंवा मेट्रोच्या प्रवासात ऐकलेले पुस्तक हे पुस्तकच असते. मात्र एखादे ऐकलेले पुस्तक फार आवडले, तर त्यातील निदान एक प्रकरण छापील स्वरूपात वाचून पाहावे.

पुढील वर्षाची यादी कशी तयार करावी?

समाजमाध्यमांवरील "वाचायलाच हवीत अशी" याद्या एकत्र करून यादी बनवू नये. अशा यादीत पुस्तके चांगली असतात, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत आणि आपल्याशीही बोलत नाहीत. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी, की वर्षाच्या नोंदींतील "उरलेला प्रश्न" हा रकाना सलग वाचावा, त्यातील एक किंवा फार तर दोन प्रश्न निवडावेत आणि त्या प्रश्नांना निरनिराळ्या दिशांनी भिडणारी पुस्तके शोधावीत. कथा-कादंबरी किंवा नाटक, एखादे आत्मकथन, एखादा संशोधनपर ग्रंथ आणि शक्य असल्यास त्या काळातील मूळ कागद, असे निरनिराळे प्रकार एकाच प्रश्नाभोवती आले, तर वाचनाला खोली येते.

वर उल्लेखिलेल्या सभासदांचे वर्ष या पद्धतीने कसे उलगडले, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यावरून पद्धत स्पष्ट होईल. वाडे एकाच काळात का खचले, हा त्यांचा प्रश्न होता. पहिले पाऊल सोपे होते: त्या नाटकापाठोपाठ त्याच लेखकाची 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटके येतात आणि तिन्ही मिळून त्याच कुटुंबाची पुढील कहाणी सांगतात, म्हणून ती दोन्ही यादीत आली. दुसरे पाऊल जमिनीच्या इतिहासाकडे गेले. त्यांचे आजोळ भंडाऱ्याकडचे, म्हणजे जुन्या मध्यप्रांतातील. तेथे मालगुजारी पद्धत होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरत असे, आणि १९५१ मध्ये ती संपली. वऱ्हाडात मात्र जमिनीची व्यवस्था रयतवारी पद्धतीची होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे. नाटकातील वाडा वऱ्हाडातील, आजोळचा वाडा मालगुजाराचा, म्हणजे दोन्ही खचले तरी त्यांची कारणे अगदी एकच असू शकत नाहीत, हा भेद त्यांना येथे प्रथम कळला. त्यासाठी त्यांनी जुनी जिल्हा गॅझेटिअर वाचली. राज्य शासनाच्या गॅझेटिअर विभागाने कित्येक गॅझेटिअर संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत.

मालगुजारीविषयी वाचताना तलाव आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत आजही ज्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात, त्यांतील अनेक तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. मालगुजारी गेली, तेव्हा या तलावांची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. तलावांकडून वाचन नवेगावबांधकडे वळले आणि तेथून साहजिकच मारुती चितमपल्लींच्या लेखनाकडे, कारण वनाधिकारी म्हणून त्या परिसरात राहून त्यांनी तलाव, पक्षी आणि स्थानिक माणसांचे ज्ञान मराठीत आणले. एका नाटकातील ट्रॅक्टरपासून निघालेला वाचक वर्षाअखेरीस पाणपक्ष्यांची स्थानिक नावे वहीत उतरवून घेत होता. ही वाट कोणत्याही तयार यादीत सापडली नसती.

यादीत किती पुस्तके असावीत?

आपण वर्षभरात साधारणपणे जितके वाचतो, त्याच्या निम्मी. उरलेली जागा मोकळी ठेवावी, कारण एक पुस्तक दुसऱ्याकडे नेते आणि तेथे जायला वेळ हाती असावा लागतो.

विदर्भातील लेखक आवर्जून यादीत घ्यावेत का?

घ्यावेत, पण प्रादेशिक अभिमान म्हणून नव्हे. आपल्या आसपासची भाषा आणि भूगोल ज्या पुस्तकात आहे, त्या पुस्तकाला आपण पडताळून पाहू शकतो, आणि ही संधी वाचकाला फार थोड्या पुस्तकांत मिळते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील वऱ्हाडी संवाद अमरावतीकडच्या वाचकाच्या कानात आपोआप वाजतात. पुण्याच्या वाचकाला त्यासाठी प्रयत्न करावे लागतात. ग्रेस आणि सुरेश भट यांच्या कविता एकाच वर्षात शेजारी ठेवून वाचाव्यात. दोघेही नागपुरात वावरले, आणि तरीही मराठी कविता किती दूरच्या दोन टोकांना जाऊ शकते, हे त्यातून समजते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीतील नाटकांची रंगभूमी हा तर स्वतंत्र विषय आहे. तो पुस्तकांपेक्षा धानाच्या कापणीनंतरच्या प्रयोगांतून अधिक चांगला कळतो, म्हणून यादीत एखादा प्रयोग पाहण्याचीही नोंद करावी, असे सुचवावेसे वाटते.

हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांना किती जागा द्यावी?

नागपूरच्या वाचकाने निदान हिंदीशी फटकून राहू नये. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. एक हिंदीचा मोठा कवी, दुसरा मराठीचा कवी आणि समीक्षक, आणि दोघांच्याही आयुष्याचा महत्त्वाचा काळ या शहरात गेला. दोघांच्या कविता एकत्र वाचणे, ही एका वर्षाची सुंदर योजना होऊ शकते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार योजनेत करावा का?

नक्की करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी अकरानंतर रस्ते ओस पडतात, आणि विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे सलग वाचनाच्या दुपारी आपल्याला निसर्गानेच दिलेल्या आहेत. मोठे चरित्र, अनेक खंडांची कादंबरी किंवा नाट्यत्रयी एप्रिल ते जूनमध्ये ठेवावी आणि ती पुस्तके मार्चमध्येच घरी आणून ठेवावीत, कारण भर उन्हात ग्रंथालय गाठणे ज्येष्ठांना शक्य होत नाही. कविता आणि निबंध पावसाळ्यात बरे पडतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरोघरी धावपळ असते, तेव्हा यादीत काहीच ठेवू नये.

येथेच पुस्तकांच्या प्रकृतीविषयी सांगणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर चालतात आणि कूलरची हवा ओलसर असते. त्या हवेच्या झोतात पुस्तकांचे कपाट किंवा वाचत असलेले पुस्तक राहिले, तर पाने फुगतात, मुखपृष्ठ वळते, बांधणीतील गोंद सुटतो, आणि मग जुलैच्या दमट दिवसांत कडेला बुरशीचे ठिपके दिसू लागतात. कपाट कूलरसमोरच्या भिंतीला न ठेवता बाजूच्या भिंतीला ठेवावे, भिंत आणि कपाट यांत चार बोटे अंतर सोडावे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी सर्व पुस्तके एकदा बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसून, सावलीत हवा देऊन परत लावावीत. कडक उन्हात वाळत घालू नयेत. कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. तळमजल्यावरील घरांत वाळवी भिंतीतून कपाटाच्या मागच्या फळीत शिरते, म्हणून सर्वांत खालच्या कप्प्याची मागची बाजू दर महिन्याला पाहावी. हे काम वार्षिक आढाव्याशी जोडून घेता येते, कारण पुस्तके बाहेर काढताना सोडलेली आणि विसरलेली पुस्तके आपोआप हाताशी येतात.

पुस्तके महाग झाली आहेत. यादी पूर्ण करण्यासाठी एवढा खर्च कसा करावा?

यादीतील सर्वच पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. पुन्हा वाचावे लागेल, पेन्सिलने खुणा कराव्या लागतील अशीच पुस्तके घ्यावीत. बाकीची ग्रंथालयातून आणावीत. सीताबर्डीवरील राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय, शासकीय विभागीय ग्रंथालय आणि १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ ही ठिकाणे नागपुरातील मराठी वाचकाला ठाऊक असावीत. सभासद होताना भरावी लागणारी अनामत परत मिळणारी असते आणि वर्गणी एखाद्या नव्या पुस्तकाच्या किमतीच्या तुलनेत थोडी असते. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात. एकदा ठरावीक रक्कम भरली, की पुढील काही महिने आळीपाळीने अंक घरी नेता येतात.

सिव्हिल लाइन्समधील शासकीय ग्रंथागारात राज्य शासनाची प्रकाशने कमी किमतीत मिळतात. १९७९ पासून प्रसिद्ध होत असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात भरणारा पुस्तकांचा बाजार प्रत्येक वाचकाने एकदा तरी पाहावा. दूरच्या खेड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे शिदोरीच्या पिशवीत पुस्तके भरून घेऊन जातात. पुस्तकाची गरज म्हणजे काय, हे त्या रांगेत उभे राहिल्यावर कळते. तेथे जाताना यादी बरोबर न्यावी आणि रोख रक्कमही थोडी ठेवावी, कारण गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मिळेलच असे नाही.

विनामूल्य मिळणारे साहित्यही भरपूर आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर अधिकृतपणे वाचता येतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि त्यानंतर पुस्तक सर्वांसाठी खुले होते, त्यामुळे जुन्या पिढीतील बरेचसे लेखन कायदेशीरपणे मोफत उपलब्ध आहे. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मात्र मंडळाच्या गटावर कोणीही टाकू नयेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते आणि त्या चोरीचा फटका थेट लेखक-प्रकाशकाला बसतो.

पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचायचे असेल, तर त्याला यादीत जागा द्यावी का?

दरवर्षी एकाला द्यावी, आणि शक्यतो दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाचलेल्याला. वाचण्यापूर्वी त्यातील काय आठवते ते दोन ओळींत लिहून ठेवावे आणि वाचून झाल्यावर ताडून पाहावे.

मुलांना आणि घरातील ज्येष्ठांना योजनेत कसे सामील करावे?

मुलांची यादी आई-बाबांनी करू नये; त्यांना ग्रंथालयात नेऊन कपाटापुढे मोकळे सोडावे. ज्येष्ठांच्या बाबतीत दृष्टी मंद झाली असेल, तर मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आधार नाही. आमच्या एका सभासदांकडे नात रात्री जेवणानंतर आजींना थोडी पाने वाचून दाखवते. कोणते पुस्तक घ्यायचे ते आजी ठरवतात आणि कोणत्या पानावर थांबायचे ते नात ठरवते. नातीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातील असल्यामुळे जोडाक्षरांशी ती सुरुवातीला अडखळत असे, आजी उच्चार सांगत. आता आजींच्या यादीतील पुढचे पुस्तक कोणते, याची उत्सुकता नातीलाच अधिक असते.

योजना जूनमध्येच कोलमडली, तर काय करावे?

जुनी यादी तशीच पुढे ढकलू नये. त्या दिवशी ज्या प्रश्नाविषयी खरोखर कुतूहल आहे, तो लिहावा आणि यादीतील जी पुस्तके त्याच्याशी जुळतात तेवढीच ठेवावीत. बाकीची निःसंकोच खोडावीत. बदली, लग्नकार्य, परीक्षा किंवा आजारपण यांमुळे वाचन थांबले असेल, तर निबंध, कथा किंवा लीळा अशा छोट्या मजकुराने पुन्हा सुरुवात करावी, कादंबरीने नव्हे.

आढावा झाल्यावर जी पुस्तके घरात ठेवायची नाहीत, त्यांचे काय करावे?

प्रथम ग्रंथालयाला विचारावे. न विचारता गठ्ठा नेऊन ठेवू नये. ग्रंथालयांना पुस्तकावर दाखल क्रमांक घालणे, नोंद करणे आणि जागा देणे अशी कामे करावी लागतात, आणि जुनी पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची कालबाह्य पुस्तके किंवा कसर लागलेल्या प्रती त्यांना घेता येत नाहीत. चांगल्या स्थितीतील ललित पुस्तके गावाकडील शाळेला किंवा सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत, पण तेथील शिक्षकांना किंवा ग्रंथपालांना यादी आधी पाठवून त्यांनी निवडलेलीच पुस्तके पाठवावीत. मंडळाच्या जानेवारीच्या बैठकीत अदलाबदलीसाठी एक टेबल ठेवलेले असते. तेथे पुस्तक ठेवताना ते कोणत्या प्रश्नासाठी घेतले होते, याची चिठ्ठी पहिल्या पानात ठेवावी. देण्यापूर्वी पाने एकदा उलटून आतील पत्रे, पावत्या आणि छायाचित्रे काढून घ्यावीत आणि अर्पणपत्रिकेजवळ कोणी भेट म्हणून सही केलेली असेल, तर ते पुस्तक द्यायचेच का, याचा घरात एकदा विचार करावा.